विंटर टायर तीन हिवाळे वापरून झाले, आता सविस्तर रिव्ह्यू

परवा विंटर टायर उतरवले, उतरवताना चारही टायरच्या नक्षीची (खाचांची) खोली मोजली आणि म्हटलं आता लिहायला हरकत नाही. महिनाभर वापरून लिहिलेल्या रिव्ह्यूला काही अर्थ नसतो, नवे टायर सगळेच छान वाटतात. तीन हिवाळे, साधारण २२ हजार किलोमीटर, त्यात ताजा बर्फ, दाबून काचेसारखा झालेला बर्फ, चिखलासारखा अर्धवट वितळलेला बर्फ, नुसता थंड ओला रस्ता, सगळं बघून झालंय. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण प्रत्येकाच्या गाडीचा साइझ वेगळा आणि एकाच कंपनीचा टायर एका साइझमध्ये उत्तम तर दुसऱ्यात सुमार असू शकतो. मधल्या दर्जाचे, बर्फात रुतणारे धातूचे खिळे नसलेले टायर आहेत एवढं पुरे. हा रिव्ह्यू त्या कंपनीपेक्षा विंटर टायर ह्या वस्तूचा आहे असं समजा.

आधी मी ते का घेतले ते सांगतो, कारण त्याच्या आधीचा हिवाळा मी बिनधास्त साध्या टायरवर काढत होतो. गाडी फोर व्हील ड्राइव्ह आहे ना, म्हणजे इंजिनचा जोर चारही चाकांना जातो, मग काय होतंय, असं डोक्यात पक्कं बसलेलं. आणि खरंच चढावर बाकीच्या गाड्या चाकं फिरवत उभ्या असायच्या आणि माझी सरळ वर जायची, त्यामुळे विश्वास अजूनच वाढला. मग एक दिवस सकाळी लेकीला घेऊन निघालो, उतार होता, खाली चौक, स्पीड जेमतेम २५ असेल. ब्रेक दाबला. पेडल पायाखाली थडथडायला लागलं आणि गाडी त्याच स्पीडने खाली जातच राहिली, स्टिअरिंग फिरवलं तरी सरळच. चौक आला, आम्ही तो पूर्ण पार केला आणि पलीकडच्या बर्फाच्या ढिगात जाऊन थांबलो. आडवी एकही गाडी आली नाही म्हणून आज हे लिहितोय. लेक मागे शांत बसली होती, तिला काही कळलंच नाही, पण माझे हात बराच वेळ थरथरत होते.

त्या दिवशी डोक्यात लख्ख उजेड पडला की फोर व्हील ड्राइव्ह गाडी निघायला मदत करतं, थांबायला नाही. थांबताना सगळ्याच गाड्यांना चारही चाकांना ब्रेक असतात, त्यात माझ्या गाडीचं वेगळं काहीच नाही, उलट वजन जास्त. एबीएस सुद्धा चाक लॉक होऊ देत नाही म्हणजे स्टिअरिंगचा ताबा राहावा एवढंच त्याचं काम, पकड मुळात नसेल तर ते आणणार कुठून? भुरभुरीत बर्फावर तर एबीएसमुळे गाडी थोडी जास्तच लांब जाऊन थांबते. शेवटी रस्त्याला टेकलेलं असतं ते फक्त रबर, प्रत्येक चाकाखाली साधारण तळहाताएवढं. एक साधा हिशेब करून बघा, ताशी ५० ला गाडी सेकंदाला जवळजवळ १४ मीटर जाते, कोरड्या चांगल्या रस्त्यावर ब्रेक दाबल्यापासून ती १२ ते १५ मीटरमध्ये थांबते, तेच निसरड्या कडक बर्फावर पकड आठपट कमी झाली की अंतर शंभर मीटरच्या आसपास जातं. आणि हे पाय ब्रेकवर गेल्यानंतरचं, त्याआधीचा विचार करायचा सेकंद वेगळा.

आता टायर काय वेगळं करतो. साध्या टायरचं रबर उन्हाळ्यासाठी बनवलेलं, थंडीत ते कडक होत जातं, जुनं खोडरबर कसं कडक होऊन कागदावर नुसतं घसरतं, पुसत काहीच नाही, तसंच. साधारण ७ डिग्रीच्या खाली हे सुरू होतं असं धरतात, म्हणजे बर्फ पडायचीही गरज नाही. विंटर टायरच्या रबरात सिलिका आणि नैसर्गिक रबराचं प्रमाण असं ठेवतात की ते थंडीतही मऊ राहतं. शिवाय नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडने मारल्यासारखे बारीक बारीक काप असतात, त्यांना साइप म्हणतात, टायर दाबला गेला की हे काप उघडतात आणि त्यांच्या कडा बर्फाला धरतात. आणि एक गंमत मला आधी माहीत नव्हती, मोठ्या खाचांत बर्फ भरून बसतो तो चांगलाच, कारण बर्फ बर्फाला घट्ट धरतो, हातात गोळा करतो तेव्हा कसा चिकटतो तसा. मी आधी काडीने खाचा साफ करत बसायचो, उगाच. ही कल्पना जुनी आहे, फिनलंडच्या आज नोकियन टायर्स म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने १९३४ मध्ये ट्रकसाठी पहिला हिवाळी टायर काढला होता.

घेताना काय बघायचं ह्यावर थोडं थांबतो कारण इथेच माणूस फसतो. टायरच्या बाजूला एम प्लस एस असं लिहिलेलं असतं, मड आणि स्नो, ह्यावर अजिबात विसंबू नका, ते कंपनी स्वतःच लिहिते, त्यासाठी बर्फावर टेस्ट झालेली असेलच असं नाही. बघायचं ते चिन्ह म्हणजे तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात बर्फाची चांदणी, ते टेस्ट पास झाल्याशिवाय लावता येत नाही. तरी लक्षात ठेवा की ती टेस्ट दाबलेल्या बर्फावरची आहे, काचेसारख्या गोठलेल्या पाण्यावरची नाही. युरोपच्या टायर लेबलवर २०२१ पासून त्या कडक बर्फाच्या पकडीसाठी वेगळं चिन्ह आलंय, तुमच्याकडे तसलं लेबल मिळत असेल तर ते पण बघा. मग तारीख. टायरच्या बाजूला DOT (डॉट) ही अक्षरं असतात, त्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, म्हणजे ३५२२ असेल तर २०२२ चा ३५ वा आठवडा. मला पहिल्या दुकानात "एकदम फ्रेश माल आहे साहेब" म्हणून जे दाखवले ते आकडे वाचल्यावर चार वर्षांचे निघाले. विंटर टायरची सगळी किंमत त्याच्या मऊपणात आहे आणि तोच वयाबरोबर जातो, त्यामुळे मी नम्रपणे नाही म्हटलं आणि दुसरीकडे गेलो. तुम्हीही लाजू नका, खाली वाकून आकडे वाचा.

आणि चारही घ्या. दोनच घेऊन पुढे लावू, इंजिन पुढेच आहे, असा विचार मनात येतो, माझ्याही आला होता. मग होतं काय, पुढची चाकं धरतात आणि मागची धरत नाहीत, वळणावर किंवा जोरात ब्रेक दाबला की गाडीचा मागचा भाग बाहेर येतो आणि गाडी गर्रकन फिरते. चारही सारखे खराब असण्यापेक्षाही हे धोक्याचं, कारण निघताना सगळं ठीक वाटतं आणि चालक गाफील राहतो.

आता प्रत्यक्ष अनुभव. पहिल्या बर्फात मी मुद्दाम रिकाम्या मैदानात गाडी घेऊन गेलो, आजूबाजूला ना खांब ना गाड्या, आणि ताशी २० ला, मग ३० ला कचकन ब्रेक मारून बघितला. प्रत्येकाने हे एकदा करावंच, कारण पेडल थडथडतं तेव्हा पाय आपोआप उचलला जातो आणि तो उचलायचा नसतो, दाबून धरायचा असतो, हे शरीराला आधी शिकवावं लागतं. जुन्या टायरची आठवण ताजी होती, त्यामुळे फरक लगेच कळला, ताज्या दाबलेल्या बर्फावर गाडी जवळपास निम्म्या अंतरात थांबत होती. वळण घेताना तर फरक अजून मोठा, स्टिअरिंग फिरवलं की नाक त्या दिशेने जातं, आधी फिरवायचो आणि वाट बघायचो. उतार आणि चौक तोच रोजचा, पण तिथे पोचायच्या आधी पोटात जो गोळा यायचा तो यायचा बंद झाला. बायको सहसा गाडीबद्दल काही बोलत नाही, ती स्वतः चालवून आल्यावर म्हणाली की आता गाडी ऐकते.

अर्धवट वितळलेल्या पाणचट बर्फात पण चांगले, बाजूच्या रुंद खाचांतून पाणी पटापट बाहेर जातं. थंड ओल्या रस्त्यावरही मला ते साध्या टायरपेक्षा उजवे वाटले.

पण कडक बर्फावर, म्हणजे पाणी गोठून काच झालेली असते तिथे, अपेक्षा आवरा. साध्या टायरपेक्षा बरे, एवढंच. ब्लॅक आइस म्हणतात तो तर दिसतच नाही, रस्ता नुसता ओला वाटतो, आणि शेवाळलेल्या फरशीवर पाय पडावा तशी गाडी जाते. मी आता एक खूण धरलीय, बाहेर शून्याच्या आसपास असेल आणि रस्ता ओला दिसतोय पण पुढच्या गाडीच्या चाकांमागे पाणी उडत नाहीये तर तो बर्फ आहे असं समजायचं. पूल आधी गोठतात कारण त्यांना वरून खालून दोन्हीकडून थंड हवा लागते, बाकी रस्त्याला खालच्या जमिनीची ऊब तरी असते. झाडांच्या सावलीतली वळणं, सकाळचं पहिलं ऊन लागायच्या आधीचा रस्ता, तिथे पण तेच. आणि सगळ्यात घसरडा बर्फ हा अगदी कडाक्याच्या थंडीतला नसतो, शून्याच्या जवळचा असतो, कारण वर पाण्याचा पातळ थर असतो. उणे १५ ला गाडी उलट बरी धरते. हे मला पहिल्यांदा ऐकून पटलं नव्हतं, आता रोज बघतो.

खटकलेल्या गोष्टी पण लिहितो. आवाज येतो, हायवेला ८० च्या पुढे एक सततची घरघर असते, लांबच्या प्रवासात जाणवते. स्टिअरिंग थोडं लिबलिबीत वाटतं, तो मऊपणाच आहे त्यामुळे इलाज नाही. इंधन थोडं जास्त लागतं. मध्येच एखादा आठवडा ऊबदार आला की कोरड्या रस्त्यावर ब्रेक लांब लागतो आणि टायर झरझर झिजतात, म्हणून थंडी सरली की काढायचेच, एवढे महाग घेतलेत तर वर्षभर वापरू असं करू नका. काढून ठेवायला जागा लागते, अंधारी, कोरडी आणि थंड. रिमसकट असतील तर आडवे एकावर एक चालतात, रिम नसेल तर उभे ठेवायचे. उतरवताना खडूने कुठलं चाक कुठलं ते लिहून ठेवा, पुढच्या वर्षी आठवत नाही. मी दुसऱ्या वर्षी वेगळे स्टीलचे रिम घेतले, त्यामुळे दरवेळी टायर रिमवरून काढून पुन्हा बसवायची झिगझिग संपली, घरीच जॅक आणि पाना घेऊन तासाभरात काम होतं, फक्त ५०-१०० किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळून बघायचे, हे विसरायचं नाही. बाणाची दिशा असलेले टायर उलटे लावू नका, हे पण होतं लोकांकडून.

हवा. ह्या एका गोष्टीवर मी सगळ्यांच्या मागे लागतो. तापमान ५-६ डिग्रीने उतरलं की टायरमधली हवा साधारण १ पीएसआयने (पंपावर हवेचा दाब ज्यात मोजतात ते माप) कमी होते. म्हणजे २० डिग्रीला ३३ भरली असेल तर उणे १० ला ती २८ च्या आसपास, कुठेही पंक्चर नसताना. मग डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि लोक म्हणतात सेन्सर बिघडलाय. सेन्सर बरोबर आहे, हवाच कमी आहे. गाडी रात्रभर उभी असताना, चालवायच्या आधी बघायची. बर्फात पकड मिळते म्हणून मुद्दाम हवा कमी ठेवायचा सल्ला देणारे भेटतील, रस्त्यावर ते करू नका, गाडी वळणावर हेलकावते आणि टायरच्या कडा खराब होतात.

आता जे टायरच्या हातात नाही ते. दुसऱ्या हिवाळ्यात टायर एकदम झकास आणि गाडीच सुरू होईना, बॅटरी बसलेली. थंडीत बॅटरीची ताकद मुळातच कमी होते, उणे १८ च्या आसपास जवळपास निम्मी, आणि नेमकं तेव्हाच ऑइल घट्ट झाल्यामुळे इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो, दोन्हीकडून मार. माझी फेरी रोजची दहा मिनिटांची, तेवढ्यात हीटर, मागची काच तापवणाऱ्या तारांची जाळी, सीट गरम करणं हे सगळं चालू, बॅटरी भरणार कधी? आता मी मल्टिमीटरने महिन्यातून एकदा बघतो, रात्रभर उभ्या गाडीला १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्ध्यावर आली, चार्ज करा. आणि बसलेली बॅटरी लवकर गोठते, भरलेली उणे ५० ला पण गोठत नाही पण रिकामी शून्याच्या खाली थोडं गेलं तरी गोठू शकते, गोठून फुगलेल्या बॅटरीला जंप द्यायचा प्रयत्न कधीच करू नका, फुटू शकते. ऑइलबद्दल एवढंच की ५डब्ल्यू-३० मधला डब्ल्यू म्हणजे विंटर, त्याच्या आधीचा आकडा जितका लहान तितकं ते थंडीत पातळ राहतं, पण गाडीच्या पुस्तकात जे लिहिलंय तेच घाला.

काच धुवायचं पाणी. हे ऐकायला किरकोळ वाटतं म्हणून इथे जोर देऊन लिहितोय. टाकीत साधं पाणी होतं, हायवेला पुढच्या ट्रकने घाण उडवली, मी फवारा मारला आणि ते पाणी काचेवर पडल्या पडल्या गोठलं, पूर्ण काच पांढरी, ८० चा स्पीड आणि समोरचं काहीही दिसेना. चार-पाच सेकंद मी फक्त आठवणीवर लेन धरून चाललो. हिवाळ्याचं न गोठणारं लिक्विड येतं, तुमच्याकडच्या तापमानाला चालेल असं घ्या, भरल्यावर दोन-तीनदा फवारा मारा म्हणजे नळीतलं जुनं पाणी निघून जाईल. आणि गोठलेल्या काचेवर गरम पाणी ओतू नका, काच तडकते. आतून वाफ धरली तर एसी चालू करून गरम हवा काचेवर सोडा, आतली हवा आतच फिरवायचं बटण बंद, एसी हवेतला ओलावा काढतो त्यामुळे पटकन साफ होते.

इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटमध्ये कमी पडलं म्हणून नुसतं पाणी टाकत गेलेले असाल तर हिवाळ्याआधी तपासून घ्याच. अर्धं पाणी अर्धं ग्लायकॉल (कूलंट गोठू न देणारं रसायन) असेल तर उणे ३५ च्या पुढेपर्यंत गोठत नाही, पण नुसतं ग्लायकॉल भरलं तर उणे १२-१३ लाच गोठतं, म्हणजे जास्त घातलं तर जास्त चांगलं असं नाही. डिझेलवाल्यांनी थंडीचं डिझेल मिळतं तिथे तेच भरा, साध्या डिझेलमधलं मेण बाटलीतल्या खोबरेलासारखं थिजतं आणि फिल्टर तुंबतो.

निघायच्या आधी सगळा बर्फ काढा, छपरावरचा पण. फक्त पुढच्या काचेत एक भोक पाडून निघणारे रोज दिसतात. पहिला ब्रेक दाबला की छपरावरची अख्खी लादी पुढच्या काचेवर येते, किंवा मागच्याच्या अंगावर उडते. हेडलाइट पुसा, एलईडीचे दिवे जुन्या बल्बसारखे काच तापवत नाहीत त्यामुळे त्यांच्यावरचा बर्फ आपोआप वितळत नाही. आणि कुठे अडकून पडलात, इंजिन चालू ठेवून बसायची वेळ आली तर आधी उतरून सायलेन्सरचं तोंड मोकळं आहे ना ते बघा, ते बर्फाने बुजलं तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो, त्याला वास नाही, रंग नाही, माणूस झोपल्यासारखा जातो. हे प्लीज घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. पोरांना जाड फुगीर जॅकेट घालून कार सीटचा बेल्ट लावू नका, बेल्ट घट्ट वाटतो पण आत सगळी हवा असते, जॅकेट काढून बेल्ट लावा आणि वरून ते पांघरा.

चालवायचं म्हणाल तर सगळं हळुवार, एका वेळी एकच काम. ब्रेक सरळ रस्त्यावर संपवायचा, मग वळायचं, मग ॲक्सिलरेटर, तिन्ही एकत्र केलं की पकड पुरत नाही. पुढच्या गाडीपासून एरवीच्या कितीतरी पट अंतर. पुढची चाकं घसरली तर अजून वळवत बसू नका, ॲक्सिलरेटर सोडा आणि स्टिअरिंग थोडं सरळ करा म्हणजे चाक पुन्हा धरेल. मागचा भाग गेला तर जिकडे जायचंय तिकडे बघा आणि तिकडेच हळूच वळवा, हात डोळ्यांच्या मागे जातात. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनी रीजेन (मोटरने गाडी हळू करून बॅटरी भरणं) कमी ठेवा, पाय उचलला तरी चाकांना ब्रेक लागतो हे बर्फावर विसरायला होतं. चाकांवर चढवायच्या बर्फाच्या चेन पण जवळ ठेवा पण त्या आधी घरी कोरड्यात दोनदा लावून बघा, गोठलेल्या बोटांनी अंधारात पहिल्यांदा शिकणं फार वाईट, आणि लावल्यावर ४० च्या पुढे जाऊ नका.

तर टायरला माझे ५ पैकी साडेचार, अर्धा आवाजाचा कापला. नवे होते तेव्हा नक्षी साडेआठ मिलिमीटर होती, आता पुढे साडेपाच आणि मागे सहा आहे. कायद्याने बऱ्याच ठिकाणी १.६ पर्यंत चालतं पण बर्फासाठी ४ च्या खाली गेलं की काम संपलं असं धरायचं, म्हणजे पुढचा एक हिवाळा नक्की आणि त्यानंतर मोजून ठरवेन. पुढच्या वेळी पुढचे मागे, मागचे पुढे करून लावणार आहे, खडूने तसं लिहून ठेवलंय.